अंतर्कर्णाच्या संसर्गानंतरची चक्कर आणि एक संतुलन-उपचार केंद्र : पालकाने केलेले परीक्षण

अंतर्कर्णाला संसर्ग झाल्यानंतर जी चक्कर आणि अस्थिरता मागे उरते, तिच्यावर गोळ्यांपेक्षा व्यायामाचा उपयोग अधिक होतो, असे कान-नाक-घसा तज्ज्ञ सांगतात. पण तो व्यायाम कोणाकडून शिकायचा, किती करायचा आणि करताना चक्कर वाढली तर थांबायचे की पुढे जायचे, याविषयी पालकांच्या हाती सहसा फारसे काही लागत नाही. माझ्या १५ वर्षांच्या मुलीसाठी आम्ही ज्या केंद्राची मदत घेतली, तेथे फिजिओथेरपीची ही विशेष शाखा, म्हणजे व्हेस्टिब्युलर रिहॅबिलिटेशन, चालते. उपचार संपल्यानंतर हे परीक्षण लिहीत आहे. केंद्राचे नाव मुद्दाम देत नाही, कारण अशा सेवेत काय पाहावे आणि काय मागून घ्यावे हे कळणे नावापेक्षा जास्त उपयोगाचे आहे असे मला वाटते.

आधी आजाराविषयी थोडे सांगणे भाग आहे. साध्या सर्दी-तापानंतर मुलीला अचानक गरगरू लागले, उलट्या सुरू झाल्या, आणि डोळे एका दिशेला संथपणे सरकून पुन्हा झटक्याने मागे येताना दिसू लागले. कानाच्या आतल्या भागात ऐकण्यासाठी शंखिका असते आणि तोल राखण्यासाठी तीन अर्धवर्तुळाकार नलिका व दोन छोट्या पिशव्या असतात. या तोलाच्या अवयवांकडून मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूला सूज आली की एका बाजूचे संदेश मंदावतात, दुसऱ्या बाजूचे तसेच चालू राहतात, आणि आपण स्वस्थ पडलेलो असतानाही मेंदूला आपण फिरत आहोत असे वाटते. ऐकणे शाबूत असेल तर या आजाराला व्हेस्टिब्युलर न्यूरायटिस म्हणतात आणि ऐकूही कमी येऊ लागले तर लॅबिरिंथायटिस. बोलताना दोन्हींना कानाचा संसर्गच म्हटले जाते, पण श्रवणचाचणी करून हा फरक पाहणे आवश्यक असते, कारण अचानक ऐकू येईनासे होणे ही तातडीची बाब आहे. आमच्याकडे श्रवण उत्तम निघाले. तीव्र डोकेदुखी, दोन-दोन दिसणे, जीभ जड होणे, हातापायात अशक्तपणा किंवा तापासोबत मान ताठ होणे यांपैकी काही असेल तर कोणत्याही व्यायामकेंद्राचा विचार न करता थेट रुग्णालय गाठावे, हे डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत बजावले होते.

गरगरणे दाबणाऱ्या गोळ्या त्यांनी मोजक्याच दिवसांसाठी दिल्या आणि त्या लांबवू नका असे सांगितले. त्यामागचे कारण मात्र आम्हाला केंद्रात नीट समजले. बिघडलेल्या बाजूकडून येणारे चुकीचे संदेश ओळखून त्यांच्याशी जुळवून घेण्याचे काम मेंदू स्वतः करतो, आणि त्यासाठी त्याला ती गडबड जाणवावी लागते. गोळ्यांनी ती सतत दडपली तर हे जुळवून घेणे लांबते. उलट्यांचे दिवस संपल्यावर पेशंटला अंथरुणात जपून ठेवण्यापेक्षा हळूहळू हालचाल करायला लावणे हाच उपचार ठरतो. आजारी मुलाला पडून राहू द्यावे हा पालकांचा स्वभाव, त्यामुळे ही गोष्ट पचायला अवघड जाते.

गरगरणे थांबल्यावर जे उरते ते बाहेरून दिसत नाही, आणि किशोरवयीन मुलांचे खरे हाल तेथूनच सुरू होतात. मुलगी उभी राहत होती, चालत होती, हसत होती; पण फळ्याकडे पाहून वहीत लिहायला मान खाली घातली की अक्षरे क्षणभर तरंगत, शाळेच्या व्हरांड्यातल्या गर्दीतून जाताना भिंतीला हात लावावा लागे, मोबाइलवर मजकूर वर सरकवला की मळमळे, आणि दुपारपर्यंत ती इतकी थकून जाई की वर्गात डोके टेकवून बसे. ताप नाही, प्लास्टर नाही, रक्ताच्या तपासण्या ठीक. त्यामुळे शाळा बुडवण्याचा बहाणा चालला आहे असा संशय मैत्रिणींना, शिक्षकांना आणि कधीकधी घरातल्यांनाही येतो. केंद्राने पहिल्या भेटीत जे सर्वांत मोलाचे काम केले, ते हा संशय पुराव्याने मोडून काढण्याचे.

त्या भेटीत थेरपिस्टबाईंनी मला बाजूच्या खुर्चीवर बसवले आणि सगळे प्रश्न मुलीलाच विचारले. मध्येच मी उत्तर देऊ लागलो तेव्हा त्यांनी हसून हात वर केला आणि "तिला सांगू द्या ना, काका" असे म्हटले. चकरेमुळे रोजच्या जगण्यात किती अडचण येते हे मोजणारी २५ प्रश्नांची एक प्रश्नावली असते आणि तिचे गुण ० ते १०० असतात. ती मुळात प्रौढांसाठी तयार केलेली असल्याने त्यातले नोकरीचे आणि घरकामाचे प्रश्न शाळकरी मुलीला लागू पडत नाहीत. बाईंनी ते प्रश्न नुसते गाळले नाहीत, तर त्या जागी वर्ग, मैदान आणि गृहपाठ यांविषयी विचारले व त्या उत्तरांची वेगळी नोंद ठेवली. छापील कागद भरून घेऊन गुण काढणारी केंद्रेही असतात; असा फरक करणारे माणूस मिळणे हे मी या सेवेचे पहिले बलस्थान मानतो.

नंतरच्या तपासणीतला एक भाग सविस्तर सांगण्यासारखा आहे. मुलीला थेरपिस्टबाईंच्या नाकाच्या शेंड्याकडे एकटक पाहायला सांगितले होते. त्यांनी दोन्ही हातांनी तिचे डोके धरून एका बाजूला थोडेसेच, पण अगदी चटकन वळवले. डोळे नाकावरून ढळले नाहीत. दुसऱ्या बाजूला तसेच वळवले तेव्हा डोळे डोक्याबरोबर वाहत गेले आणि क्षणार्धात एक छोटी उडी मारून नाकावर परत आले. बाईंनी मला जवळ बोलावून तेच पुन्हा करून दाखवले. ही चाचणी हाल्मागी आणि कर्थॉइस यांनी १९८८ मध्ये प्रथम मांडली आणि तिला कोणतेही यंत्र लागत नाही. डोके हलले की डोळे तितकेच उलट दिशेला वळवणारी जी अतिवेगवान यंत्रणा कानाच्या संदेशांवर चालते, ती त्या बाजूला मंदावल्याची ही खूण होती. डोळ्यांच्या त्या उडीत फळ्याचा, मोबाइलचा आणि व्हरांड्याचा सगळा त्रास होता, आणि मुलीच्या चेहऱ्यावर त्या वेळी दुःखापेक्षा सुटकेची भावना अधिक होती, कारण तिचे म्हणणे खरे असल्याचे तिच्यासमोरच सिद्ध झाले होते.

रुग्णालयात आधीच झालेल्या कानातल्या पाण्याच्या चाचणीचा अहवालही त्यांनी नीट वाचला. या चाचणीत कानात ३० आणि ४४ अंश सेल्सिअसचे पाणी सोडून डोळ्यांच्या हालचाली पाहतात. कान धुताना पाणी फार गार किंवा फार गरम असले तर पेशंटला चक्कर येते, या साध्या निरीक्षणावरून रॉबर्ट बारानी यांनी तिचे तत्त्व उलगडले आणि १९१४ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल त्यांना मिळाले, हे बाईंनी मुलीला सांगितले. ही माहिती उपचाराला आवश्यक नव्हती, पण त्यानंतर मुलगी स्वतःच्या कानाविषयी कुतूहलाने प्रश्न विचारू लागली, आणि या वयात कुतूहल जागे होणे ही लहान गोष्ट नाही. संसर्गानंतर कधीकधी कानातले सूक्ष्म स्फटिक जागचे हलून कुशीवर वळताना वेगळ्या प्रकारची चक्कर येते. तसे काही नाही ना, हे पाहण्यासाठी तिला झटकन आडवे करून डोळेही तपासले गेले.

प्रत्यक्ष व्यायाम इतके साधे होते की यासाठी केंद्रात कशाला यायचे, असा प्रश्न मनात आल्याशिवाय राहत नाही. एका कार्डावर एक अक्षर लिहिलेले. ते हातभर अंतरावर, डोळ्यांच्या पातळीवर धरायचे आणि नाही म्हणताना हलवतो तसे डोके डावी-उजवीकडे हलवत ते अक्षर स्पष्ट दिसते आहे याकडे लक्ष ठेवायचे. मग तेच वर-खाली. या व्यायामाचा सगळा भर वेगावर असतो. अक्षर सहज स्पष्ट दिसेल इतक्या हळू डोके हलवले तर मेंदूला सुधारायला काही कारण उरत नाही, आणि फार जोरात हलवले तर सगळेच पुसट होते. अक्षर जेमतेम फिसकटू लागेल त्या सीमेवरचा वेग शोधणे आणि तो दर काही दिवसांनी पुढे सरकवणे, हेच कसब. नव्या दुखण्यात असे व्यायाम दिवसातून किमान तीनदा मिळून निदान १२ मिनिटे व्हावेत आणि जुने झालेले दुखणे असेल तर एकूण वेळ २० मिनिटांपर्यंत न्यावा, असे या क्षेत्रातल्या मार्गदर्शक सूचना सांगतात. आधी बसून, मग उभे राहून, मग मऊ फोमवर उभे राहून, मग चालताना. आधी कार्डामागे कोरी भिंत, नंतर चौकटींचा पडदा. सोबत पायापुढे पाय ठेवून चालणे, डोळे मिटून उभे राहणे आणि एका हातातून दुसऱ्या हातात उडवलेल्या चेंडूच्या मागे नजर नेणे हेही होते.

व्यायाम करताना चक्कर वाढलीच पाहिजे, पण किती, हे ठरवण्याची पद्धत मला फार आवडली. सुरू करण्यापूर्वी मुलीने स्वतःच्या चकरेला ० ते १० मधला एक आकडा द्यायचा. व्यायामाने तो दोनेक अंकांनी चढला तर चालेल, पण १५ ते २० मिनिटांत खाली यायला हवा. तो त्याहून जास्त वेळ चढलेला राहिला तर पुढच्या वेळी वेग किंवा वेळ कमी करायचा. हा निर्णय सर्वस्वी तिचा, आणि नोंदवहीही तिचीच. पालकाने घड्याळ घेऊन शेजारी उभे राहू नये, असे आम्हाला स्पष्ट सांगितले गेले.

त्याहून अवघड सूचना माझ्यासाठी होती. "चक्कर येते आहे का?" हा प्रश्न दिवसभर विचारू नका, असे बाई म्हणाल्या, विचारले की ती चक्कर शोधू लागते, शोधली की थोडीफार सापडतेच, आणि मूळ आजार ओसरल्यावरही शरीराचा तोल सतत तपासत राहण्याची सवय जडू शकते. उभे राहिल्यावर, गर्दीत आणि हलत्या दृश्यांसमोर महिनोन्‌महिने टिकून राहणारी अशी अस्थिरता हे स्वतंत्र निदान मानले जाते आणि तिचे निकष २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर निश्चित झाले. आम्ही असे ठरवले की मुलीला मदत हवी असेल तेव्हा ती फक्त आकडा सांगेल आणि मी पुढचे काही न विचारता हात देईन. किशोरवयीन मुलाच्या आजारपणात पालकाने कोठे पुढे व्हायचे आणि कोठे मागे राहायचे, हे एवढ्या स्पष्टपणे सांगणारे दुसरे कोणी मला भेटले नव्हते. जिन्यावर कठडा धरणे, रात्री वाटेत दिवा ठेवणे, सायकल आणि उंच जागा तूर्त टाळणे, एवढ्या बाबतीत मात्र आम्ही ठाम राहायचे होते. पोहण्याविषयी त्यांनी विशेष ताकीद दिली: पाण्याखाली पायाला जमीन लागत नाही आणि डोळ्यांचाही आधार नसतो, त्यामुळे कानाने दगा दिला तर वर कोणती दिशा हेच कळत नाही.

मोबाइलवर सरसकट बंदी न घालण्याचा निर्णयही शहाणपणाचा ठरला. मजकूर वर सरकवणे हाच व्यायाम बनवला गेला. आधी मोठ्या पडद्यावर संथपणे, थोड्याच वेळासाठी, आणि आकडा चढला की थांबून दूरच्या स्थिर वस्तूकडे पाहायचे. बंदी घातली असती तर ती चोरून मोडली गेली असती, एवढे तरी या वयाच्या मुलांचा बाप म्हणून सांगू शकतो.

आता तक्रारी. चक्कर येणाऱ्या पेशंटसाठी चालणाऱ्या केंद्राची प्रतीक्षेची खोली अशी का असावी, हे मला शेवटपर्यंत कळले नाही: गुळगुळीत, पट्ट्यापट्ट्यांची फरशी, लुकलुकणारा दिवा आणि समोर मोठ्या टीव्हीवर झपाझप बदलणारी दृश्ये. कितीतरी वेळा मुलगी आत जाण्याआधीच दमलेली असे, आणि मग तपासणीतले आकडे वाईट यायचे. सांगितल्यावर टीव्ही बंद झाला. पुढच्या वेळी पुन्हा चालू होता.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. मध्यंतरी नेहमीच्या बाई रजेवर असताना दुसऱ्या थेरपिस्टने मागची नोंदवही न पाहता व्यायाम एकदम दोन पायऱ्या वर नेले. त्या संध्याकाळी मुलगी उलट्या होईपर्यंत आजारी पडली आणि नंतरचे काही दिवस कार्डाला हात लावायला तयार नव्हती. बाईंनी परत आल्यावर परिस्थिती सांभाळली, पण एका माणसाच्या रजेने उपचार कोलमडत असतील तर तो केंद्राच्या व्यवस्थेचा दोष आहे. याच काळात आम्हाला आभासी वास्तवाचा चष्मा लावून करायच्या सत्रांचे पॅकेज घ्या म्हणून बराच आग्रह झाला. काही पेशंटना, विशेषतः गर्दीने आणि हलत्या दृश्यांनी त्रास होणाऱ्यांना, त्याचा उपयोग होत असेलही. पण कार्ड आणि फोम यांनी सुधारणा होत असताना ते कशासाठी, याचे समाधानकारक उत्तर मिळाले नाही आणि आम्ही नकार दिला. केंद्राचे मोबाइल अ‍ॅपही मुलीने लवकरच सोडून दिले, कारण व्यायामाची आठवण करून देणारी त्यातली प्रत्येक सूचना फिरत-उसळत पडद्यावर येत असे.

शाळेसाठी दिलेल्या पत्राचा किस्सा सांगायला हवा, कारण त्यातून इतर पालकांचा वेळ वाचेल. पहिले पत्र ठरावीक साच्यातले होते: विद्यार्थिनीला चकरेचा त्रास असून विश्रांतीची आवश्यकता आहे. अशा पत्राने शाळा एक तर मुलीला घरी पाठवते किंवा वैद्यकीय खोलीत झोपवते, आणि दोन्ही गोष्टी उपचाराच्या विरुद्ध जातात. पुन्हा मागून घेतलेल्या पत्रात फळ्याच्या बरोबर समोर, मधल्या रांगेत जागा द्यावी, फळ्यावरचा मजकूर शक्य तेव्हा छापील मिळावा, तास संपण्यापूर्वी तिला काही मिनिटे आधी सोडावे म्हणजे गर्दी टळेल, मैदानावर चालण्याची परवानगी असावी पण दोरी, उंच उडी आणि पोहणे नसावे, आणि परीक्षेत मध्ये थोडी विश्रांती मिळावी, असे नेमके मुद्दे होते. शिक्षकांनी ते लगेच अमलात आणले. पत्र मागताना "काय टाळावे" इतकेच नव्हे, तर "काय करू द्यावे" हेही लिहून घ्यावे.

एका बाबतीत केंद्राचे मनापासून कौतुक करावेसे वाटते. सुधारणा होत असताना मध्येच मुलीला डोकेदुखीसह गरगरण्याचे झटके आले, तेव्हा त्यांनी सत्रे वाढवली नाहीत. उलट थांबवली आणि आम्हाला डॉक्टरांकडे परत पाठवले. मुलांमध्ये वारंवार येणाऱ्या चकरेमागे अर्धशिशीचा एक प्रकार हे फार आढळणारे कारण असते आणि त्याचे उपचार वेगळे असतात. डॉक्टरांनी तपासून तो संशय दूर केल्यावरच व्यायाम पुन्हा सुरू झाले. आपल्या सेवेची मर्यादा ओळखणे हा गुण मी यंत्रसामग्रीपेक्षा वर ठेवतो. एक उणीव मात्र जाणवली ती समुपदेशकाची. गर्दीची भीती, मागे पडलेला अभ्यास आणि मैत्रिणींशी आलेला दुरावा यांवर बाई समजुतीने बोलत, पण ते त्यांच्या कामाबाहेरचे होते आणि त्यांच्याकडे तेवढा वेळही नव्हता.

परिणामाविषयी सांगायचे तर डोके हलत असताना तक्त्यावरची अक्षरे वाचण्याची जी चाचणी असते, तीत सुरुवातीला मुलगी अनेक ओळी मागे पडत असे. शेवटी हा फरक सामान्य मानल्या जाणाऱ्या दोन ओळींच्या आत आला, प्रश्नावलीचे गुण उतरले आणि ती पुन्हा पूर्ण वेळ शाळेत जाऊ लागली. डोक्याला हिसका देऊन केलेल्या त्या पहिल्या चाचणीत डोळ्यांची बारीकशी उडी अजूनही दिसते. मज्जातंतू पूर्ववत होईलच असे नाही, मेंदूने ती उणीव भरून काढली आहे, असे बाईंनी आडपडदा न ठेवता सांगितले.

उलट्यांच्या पहिल्या दिवसांत, निदान झालेले नसताना, किंवा चक्कर अधूनमधून झटक्यांनी येत असून कानात दडा बसणे व ऐकणे कमी-जास्त होणे चालू असेल तर या सेवेचा उपयोग नाही, आधी डॉक्टर. पहिली तपासणी ऑनलाइन घेऊ नये, कारण डोळ्यांची हालचाल आणि पडण्याचा धोका समोरासमोरच कळतो. नंतरच्या भेटींना ऑनलाइन चालून जाते. संध्याकाळच्या वेळा मिळत नसल्याने आमच्या मुलीचे तास बुडाले, तेव्हा वेळापत्रक आधीच ठरवून घ्यावे आणि थेरपिस्ट बदलल्यास नोंदी कशा पुढे जातात हेही विचारावे. शेवटच्या भेटीत मुलीला एक पानी सूचना मिळाली: मोठी सर्दी, सलग जागरणे किंवा फार दगदग झाली तर जुनी अस्थिरता काही काळ डोके वर काढू शकते, अशा वेळी घाबरून झोपून न राहता कार्डाचे व्यायाम बसूनच्या पायरीपासून पुन्हा सुरू करावेत, आणि नवे गरगरणे, ऐकण्यातला बदल किंवा डोकेदुखी असेल तर मात्र केंद्राकडे न येता डॉक्टरांना गाठावे.